एका बाटलीला आठ माणसं

पोर्ट वाइनची बाटली एकट्याने उघडू नये. हा शिष्टाचाराचा नियम नाही आणि काटकसरीचा सल्लाही नाही. ही वाइन ज्या रीतीने बनते, जितकी वर्षं थांबते आणि बूच निघाल्यावर जशी वागते, त्या सगळ्याचा मिळून तो निष्कर्ष आहे. पोर्टला सोबत लागते. सात-आठ माणसं एकत्र बसली, थोडी थोडी वाटून घेतली, एकमेकांना विचारत चाखली, तरच ती कळते. एवढं एकच म्हणणं इथे सावकाश उलगडून पाहायचं आहे.

या बैठकीसाठी जागा धरू खंडाळा. लोणावळ्याशेजारचा नव्हे, सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. पुण्याहून निघालेला महामार्ग नीरा ओलांडून शिरवळला साताऱ्याच्या हद्दीत शिरतो, पुढे खंडाळा लागतो आणि मग घाट. या रस्त्याच्या एका टोकाला पुणं आहे, जिथे देशी-विदेशी वाइन हौसेने विकत घेणारी माणसं राहतात. खाली कृष्णाकाठी सांगली जिल्हा आहे, जिथल्या कित्येक घरांचं वर्ष द्राक्षाच्या हंगामावर चालतं. आणखी दक्षिणेला जाऊन घाट उतरला की गोवा येतो, जिथे पोर्ट हे नाव पिढ्यान् पिढ्या कानावर आहे. घेणारा, पिकवणारा आणि जुनी ओळख असणारा अशा तिघांनी मधल्या ठिकाणी भेटायचं ठरवलं, तर खंडाळा सोयीचा पडतो. तेव्हा कल्पना करू की डिसेंबरातल्या एका संध्याकाळी इथल्या एका शेतघरात आठ जण टेबलाभोवती बसले आहेत आणि मधोमध पाच बाटल्या आहेत. या टेबलाशी बसूनच पुढचा विचार करू.

पहिला प्रश्न मापाचा. पोर्ट ही इतर वाइनपेक्षा जड का असते? याचं उत्तर पोर्तुगालमधल्या दोउरू नदीच्या खोऱ्यातल्या तिच्या जन्मवृत्तात आहे. हे खोरं अटलांटिकपासून आत, डोंगरांच्या आड. उन्हाळ्यात पारा चाळिशीला पोचतो. जमीन म्हणजे पाटीसारखा थराथराने फुटणारा खडक, आणि त्यात उतारावर पायऱ्या काढून लावलेले वेल. तोरिगा नासियोनाल, तोरिगा फ्रांका, तिंता रोरिश ही तिथली नावाजलेली काळी द्राक्षं. काही घराण्यांत ती अजूनही दगडी हौदात पायांनी तुडवतात. रस आंबू लागतो, साखरेचं मद्यार्कात रूपांतर होऊ लागतं. साध्या वाइनमध्ये ही क्रिया शेवटपर्यंत जाऊ देतात. पोर्टमध्ये ती मधेच थांबवतात. दोन-तीन दिवसांत निम्मी साखर संपली की चार भाग रसाला साधारण एक भाग या प्रमाणात ७७ टक्के मद्यार्काचा द्राक्षाचाच अर्क ओततात. एवढ्या तीव्रतेत किण्व जगत नाही. आंबणं थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. तयार होणाऱ्या वाइनमध्ये १९ ते २२ टक्के मद्यार्क असतो आणि लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर.

गोड आणि तीव्र या दोन गोष्टी एकत्र आल्या की पेय आपलं माप आपणच ठरवतं. जेवताना साध्या वाइनचे दोन पेले सहज होतात, पोर्टचे होत नाहीत. पहिला घोट जीभ भरून टाकतो, दुसरा त्याची आठवण पक्की करतो आणि चौथ्या-पाचव्यानंतर चव कळेनाशी होते. ७५० मिलिलिटरची बाटली एका माणसासाठी फार, दोघांसाठीही फारच. आठ जणांत ती वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला नव्वदेक मिलिलिटर येतात, आणि चाखण्याला त्याहून जास्त लागतच नाही. म्हणजे बाटलीतला ऐवज पाहिला तरी ती एका टेबलासाठी भरलेली आहे हे दिसतं.

कोणी म्हणेल, मग रोज थोडी थोडी प्यावी, बाटली महिनाभर पुरवावी. इथे दुसरा मुद्दा येतो, हवेचा. पोर्ट ढोबळमानाने दोन वाटांनी वाढते. एक वाट लाकडाची. टॉनी नावाची पोर्ट वर्षानुवर्षं लाकडी पिंपात राहते, लाकडाच्या रंध्रांतून हवा घेते, थोडी थोडी उडूनही जाते. तिचा लाल रंग फिकट होत तपकिरीकडे झुकतो आणि चवीत सुकामेवा उतरतो. हवेशी तिची आधीच ओळख झालेली असते, म्हणून उघडल्यावरही ती काही आठवडे टिकते. दुसरी वाट काचेची. व्हिंटेज पोर्ट पिंपात जेमतेम दोन-अडीच वर्षं राहते, न गाळता बाटलीत जाते आणि तिथे आडवी पडून वीस, तीस, पन्नास वर्षं हवेवाचून वाढते. या काळात तिच्यातला रंग आणि तुरटपणा एकत्र येऊन तळाशी गाळ बनतो. अशी बाटली उघडली की इतक्या वर्षांत न मिळालेली हवा तिला एकदम मिळते. काही तास ती फुलते, एखाद-दोन दिवस बरी राहते, मग उतरते. तीस वर्षं सांभाळलेली गोष्ट दोन दिवसांत संपवायची असेल तर माणसं बोलवावी लागतात.

तिला उघडायलाही हात लागतात. एक दिवस आधी बाटली उभी करून ठेवायची, म्हणजे गाळ तळाला बसतो. मग प्रकाशासमोर धरून सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतायची, आणि गळ्याशी गाळ दिसू लागला की थांबायचं. फार जुन्या बाटलीचं बूच भुसभुशीत होऊन तुटतं. अशा वेळी जाणकार लोखंडी चिमटा लाल होईपर्यंत तापवून बाटलीच्या गळ्याला लावतात, लगेच ओलं फडकं फिरवतात, आणि काच बुचासकट स्वच्छ तुटते. एकाने बाटली धरायची, एकाने चिमटा, एकाने दिवा.

तिसरा मुद्दा काळाचा, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. व्हिंटेज पोर्ट दरवर्षी होत नाही. हंगाम उत्तम साधला तरच घराणी ते वर्ष जाहीर करतात, एका दशकात सहसा तीन-चार वेळा. १९६३, १९७७, १९९४, २०११ ही अशी गाजलेली वर्षं. वाइन कोवळी असताना, पहिल्या दीड-दोन वर्षांतच, बनवणाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो. तेव्हा ती काळीभोर, तुरट, जिभेच्या अंगावर येणारी असते. त्या अवस्थेत चाखून वीस-तीस वर्षांनी ती काय होईल हे ओळखायचं असतं. पन्नाशी-साठीच्या माणसाने असा निर्णय घेतला, तर ती वाइन ऐन भरात येईल तेव्हा तो असेलच असं नाही. तो आपल्यानंतरच्या जिभेसाठी निवडतो. टॉनीतही हेच. बाटलीवर ‘२० वर्षं’ लिहिलेलं असतं तेव्हा आत अनेक वर्षांच्या वाइनचं मिश्रण असतं, आणि त्यातली सगळ्यांत जुनी पिंपं मिश्रण करणाऱ्याच्या आधीच्या माणसांनी भरून ठेवलेली असतात. आजचा कारागीर त्यातलं काही वापरतो आणि पुढच्यासाठी नवं भरून ठेवतो. खंडाळ्याच्या टेबलावर येण्याच्या कितीतरी आधी ही बाटली पिढ्यांनी आपसात वाटून घेतलेली असते. आपण बसतो ती शेवटची पंगत.

या सामायिकपणाची रीत पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरात जुनी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातल्या लढायांमुळे इंग्रजांना फ्रेंच वाइन मिळेनाशी झाली. १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा कमी ठरली आणि व्यापार फोफावला. सुरत आणि राजापूरला जशी इंग्रजांची वखार होती, तशी पोर्तूतही होती. तिथली अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली इमारत अजून उभी आहे. तिच्यात जेवणाची दोन दालनं शेजारी शेजारी आहेत. एकात जेवायचं आणि मग उठून दुसऱ्यात, तशाच मांडलेल्या टेबलाशी, पोर्टसाठी बसायचं, म्हणजे अन्नाचा वास वाइनच्या आड येत नाही. बुधवारच्या भोजनाला जमलेले व्यापारी कुठल्या वर्षाची, कुठल्या घराण्याची पोर्ट समोर आली आहे ते न सांगता ओळखायचा प्रयत्न करतात. ते एकमेकांचे स्पर्धक आहेत. तरी आपली वाइन दुसऱ्याच्या जिभेखाली गेल्याशिवाय तिची खरी किंमत ठरत नाही, हे त्यांना दोन शतकांपूर्वीच उमगलं.

ही परीक्षा गरजेची का होती, तेही इतिहासात आहे. मागणी वाढली तशी भेसळ आली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरच्या झुडपाची काळी फळं रसात मिसळू लागले आणि नाव खराब झालं. तेव्हा पोर्तुगालचा मंत्री, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेलेला सबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यू, याने १७५६ मध्ये कंपनी स्थापून दोउरूची हद्द आखायला घेतली, सीमेवर दगडी खुणा उभ्या केल्या आणि खोऱ्यातली एल्डरची झुडपं उपटायला लावली.   हद्द आणि कायदा यांनी भेसळ रोखता येते. पण अमुक वाइन चांगली का, हे कायदा सांगत नाही. ते जाणत्या जिभांनी एकत्र येऊन ठरवावं लागतं.

आता चौथा मुद्दा, जिभेचा आणि नाकाचा. चव आपल्या तोंडात असते, म्हणून ती आपल्याला पूर्ण कळते असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. शिराझ द्राक्षाच्या वाइनमध्ये काळ्या मिरीचा जो वास येतो तो रोटंडोन नावाच्या द्रव्याचा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे द्रव्य शोधलं तेव्हा असंही आढळलं की साधारण पाचांतल्या एकाला त्याचा वास जवळजवळ येतच नाही. व्हायोलेट फुलांसारखा वास देणाऱ्या आयोनोनबद्दलही असंच आहे. तो कुणाला फुलासारखा येतो आणि कुणाला येतच नाही, आणि याचं कारण जनुकात आहे. तोरिगा नासियोनालच्या पोर्टची कीर्ती नेमकी याच सुगंधाबद्दल आहे. म्हणजे एकट्याने बसून ही वाइन प्यायलेला माणूस तिचा सर्वांत नावाजलेला गुणच चुकवू शकतो, आणि चुकलं हे त्याला कळणारही नाही. दोषांचंही तसंच. बुचातल्या एका द्रव्यामुळे वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो, पण तो ओळखण्याची क्षमता माणसागणिक बदलते. आठ जणांत एखादं नाक तरी ते पकडतं आणि बाकीच्यांना दाखवतं. एकदा दाखवल्यावर पुष्कळांना तो जाणवू लागतो.

म्हणून चाखण्याचा एक साधा क्रम आहे, आणि तो पाळण्यासारखा आहे. आधी सगळ्यांनी गप्प राहायचं. प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचं, रंग कसा, वास कशाचा, घोट गिळल्यावर किती वेळ मागे राहतो. मग एकेकाने वाचून दाखवायचं, नवख्याने आधी आणि जाणत्याने शेवटी. जाणता आधी बोलला की बाकीच्यांच्या जिभा त्याच्या मागे जातात आणि आठ मतांचं एकच मत होतं. वाचून झाल्यावर पुन्हा तीच वाइन घ्यायची. दुसऱ्या घोटात दुसऱ्याने सांगितलेलं शोधायचं. सापडलं तर आपली चव वाढली, नाही सापडलं तर तसं सांगायचं. चाखण्याची सगळी विद्या या दोन घोटांमधल्या बोलण्यात आहे.

खंडाळ्याच्या टेबलावर हे बोलणं कोणत्या चवींच्या आधाराने होईल? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या ॲन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाइनमधल्या वासांचं एक चक्र तयार केलं, कारण चाखणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं समजावं यासाठी सामायिक खुणांची गरज होती. त्या चक्रातली बरीच फळं तिकडची आहेत. ब्लॅककरंट आपल्यातल्या बहुतेकांनी कधी तोंडात टाकलेलं नाही. पण या टेबलाशी बसलेल्यांच्या स्मरणात सह्याद्रीतली करवंदं आहेत, पिकलेलं जांभूळ आणि त्यानंतर जिभेवर राहणारा तुरटपणा आहे, दिवे-सासवडची अंजिरं आहेत, गुऱ्हाळावरची गरम काकवी आहे, खारीक, सुंठ, जायफळ, आमसूल, भाजलेला बदाम आहे. रूबी म्हणजे कोवळी, लाल पोर्ट. तिच्यात जांभूळ आणि करवंद शोधावं. दहा वर्षांच्या टॉनीत सुकं अंजीर आणि काकवी शोधावी, आणि जुन्या टॉनीत अक्रोडाची साल. आठ जणांनी आपल्या खुणा एकत्र केल्या की त्या टेबलाची स्वतःची नोंदवही तयार होते, आणि पुढच्या बैठकीला तीच कामी येते. हे काम एकटा करू शकत नाही, कारण खूण सामायिक असेल तरच ती खूण.

आता टेबलावरच्या पाच बाटल्या पाहू. एक रूबी, एक उशिरा बाटलीबंद केलेली, म्हणजे चार ते सहा वर्षं पिंपात राहिलेली, एक दहा वर्षांची टॉनी, एक व्हिंटेज आणि एक गोव्याची. भारतात परदेशी वाइनवर अनेक वर्षं १५० टक्के आयात शुल्क राहिलं आहे, त्यामुळे चांगली व्हिंटेज बाटली एकट्याने घेणं सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरचं. आठ जणांनी वर्गणी काढली की ती आवाक्यात येते. वाटणीचं हे कारण व्यवहारी आहे, पण त्याचा परिणाम खोल होतो. ज्या बाटलीत आठ जणांचे पैसे आहेत तिच्यावर एकाची मालकी नसते, त्यामुळे तिच्याबद्दल खरं बोलता येतं. ‘मी आणलेली’ बाटली सगळ्यांना गोड म्हणावी लागते. ‘आपण आणलेली’ फसली तर फसली म्हणता येतं.

गोव्याच्या बाटलीला या टेबलावर मानाने जागा द्यायला हवी. १५१० ते १९६१ अशी साडेचार शतकं गोव्यात पोर्तुगीज होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची गोड लाल वाइनही घरात आली. आज गोव्यात पोर्ट म्हणून मिळते ती बहुतेकदा इथल्याच द्राक्षाची, अनेकदा बेंगलोर ब्ल्यू वाणाची, दोउरूच्या पोर्टपेक्षा सौम्य आणि ताजी असतानाच प्यायची. ‘पोर्तू’ आणि ‘दोउरू’ ही नावं भारतातही भौगोलिक निर्देशक म्हणून नोंदलेली आहेत, त्यामुळे नावाचा हक्क त्या खोऱ्याचा आहे हे मान्य करावं. पण नाताळच्या केकमध्ये आणि पाहुण्यांपुढे ठेवलेल्या छोट्या पेल्यात जी चव गोव्याच्या घरांनी जपली, ती आपल्या जागी खरी आहे. दोन्ही वाइन शेजारी ठेवून चाखल्या तरच दोघींचं वेगळेपण दिसतं. दोउरूची बराच वेळ रेंगाळते, गोव्याची चटकन मोकळी होते आणि तिच्यात काळ्या द्राक्षाच्या सालीचा रांगडा वास ओळखीचा लागतो. तुलना कमी लेखण्यासाठी नसते, दोघींना नीट पाहण्यासाठी असते.

इथे एक आक्षेप ऐकला पाहिजे, आणि तो मनापासून ऐकला पाहिजे. खंडाळा तालुका वारीच्या वाटेवरचा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्काम करते. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव याच तालुक्यातलं. सातारा जिल्ह्यातल्या गावांत बायकांनी मतदान करून, बाटली आडवी करून, दारूची दुकानं बंद पाडलेली आहेत. त्या मतामागे मोडलेले संसार आणि खाल्लेला मार आहे. अशा मातीत बसून वाइनचं कौतुक करताना त्या बायकांचं म्हणणं बाजूला सारता येणार नाही.

मी ते बाजूला सारत नाही. या लेखाचं म्हणणं त्यांच्या म्हणण्याच्या जवळचंच आहे असं मला वाटतं. दारू घर मोडते ती बहुतेकदा एकटेपणात आणि अंधारात, जिथे किती झाली हे कोणी मोजत नाही आणि चवीशी कोणाला देणंघेणं नसतं. चाखण्याची बैठक या प्रत्येक बाबतीत उलटी आहे. प्रत्येकाचा पेला सगळ्यांना दिसतो. माप आधी ठरलेलं असतं. व्हिंटेजचे दोन फेऱ्यांत मिळून ६० मिलिलिटर आणि बाकी चार बाटल्यांचे १५-१५, असे संध्याकाळभरात १२० मिलिलिटर. त्यात साधारण २४ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क येतो, म्हणजे व्हिस्कीच्या एका मोठ्या पेगच्या आसपास, तोही तीन तासांत. शेजारी थुंकण्याचं भांडं असावं आणि ते वापरायला संकोच नसावा. जगभरचे व्यावसायिक चाखणारे तेच करतात, कारण गिळल्यावर परीक्षा बिघडते. टेबलाशी बाया-पुरुष बरोबरीने असावेत. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, तो असावा. आणि ज्याने गिळली त्याने त्या रात्री घाटात गाडी घालू नये. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, पण मुक्काम करणं हाच खरा उपाय. सकाळी उरलेली व्हिंटेज पुन्हा हुंगून पाहता येते, हवेने रात्रीतून तिचं काय केलं ते कळतं. जो इतकं सगळं पाळणार नसेल त्याने पोर्टच्या वाटेला जाऊ नये, आणि जो पीत नाही त्याने केवळ सोबतीखातर सुरू तर मुळीच करू नये. टेबलाशी बसून नुसता वास घेणाऱ्याचं मतही पूर्ण मत असतं.

आता शेवटचा पदर. या आठ जणांत सांगलीचा द्राक्षबागायतदार का हवा? कारण वाटून घेऊन शिकणं ही त्याची जुनी पद्धत आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० पासून आहे. त्याची चर्चासत्रं आणि एकमेकांच्या बागांतल्या शिवारफेऱ्या यांतून इथलं द्राक्ष घडलं. एप्रिलची खरड छाटणी कधी घ्यावी, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डाउनी आणि भुरी हे रोग कसे आवरावे, घडात मणी किती ठेवावे, हे कोणा एकाने शोधलेलं नाही. एकाच्या बागेत दहा जण उभे राहिले, एकाने चूक सांगितली, दुसऱ्याने उपाय सांगितला आणि ज्ञान वाढत गेलं. तासगावच्या मातीने तास-ए-गणेशसारखा वाण दिला. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक निर्देशक मिळाला. तासगाव आणि सांगलीच्या सौद्यांत बेदाणा हातात घेऊन, रंग, मणी, मऊपणा पाहून भाव ठरतो. पाहण्याची परंपरा इथे सामायिक आणि पक्की आहे.

वाइनच्या बाबतीत मात्र ही साखळी मधेच तुटली. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात वाइन बनवायला सुरुवात केली, नाशिकला १९९९ मध्ये सुला ही वाइन कंपनी उभी राहिली, अकलूजला मोहिते-पाटलांनी इटालियन भागीदारांबरोबर फ्रातेल्ली काढली. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिकजवळ विंचूर आणि सांगलीत पलूस इथे वाइन पार्क आखले. शेतकऱ्यांनी काबर्ने आणि शिराझ ही वाइनची द्राक्षं लावली. पुढे २००८ नंतर मागणी आटली, आणि कित्येकांनी वाइनच्या बागा मोडून पुन्हा खायची द्राक्षं लावली. या पडझडीला बाजार, भांडवल, कर अशी अनेक कारणं होती. पण एक कारण मला नेहमी डाचतं. ज्याने शिराझ पिकवली त्याच्यासमोर शिराझचा पेला फारसा कोणी ठेवलाच नाही. त्याला ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, सांगितलं, दर सांगितला, तोडणीची तारीख सांगितली. त्याच्या द्राक्षातून मिरीचा वास निघतो की नाही, हे त्याने स्वतः, चार बागायतदारांबरोबर बसून, तपासलं असं क्वचितच घडलं. शिवारफेरी बागेच्या बांधावर संपली, पेल्यापर्यंत पोचली नाही.

दोउरूचा धडा इथे उपयोगी पडतो. ते खोरंही तापतं, तिथेही उतार खडकाळ आहेत, तिथल्या शेतकऱ्यानेही भेसळ, रोग, मंदी सगळं पाहिलं. तरी ती वाइन टिकली, याला हद्दीचे दगड जितके कारण झाले तितकंच पिकवणारे, मिश्रण करणारे आणि विकणारे यांचं एका टेबलाशी बसून चाखणंही. कोणत्या उताराची वाइन वीस वर्षं जाईल हे तिथे शेकडो जिभांच्या बेरजेतून ठरलं. सांगलीत पोर्टसारखी वाइन होईल का, हा पुढचा प्रश्न. द्राक्ष आहे, ऊन आहे आणि द्राक्षापासून अर्क काढता येतो. पण काय चांगलं याची सामायिक पारख आधी तयार झाल्याशिवाय तो प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. पारख विकत आणता येत नाही. ती एका बाटलीभोवती आठ माणसं बसवून, वर्षानुवर्षं नोंदवही चालवूनच तयार होते.

म्हणून खंडाळ्याच्या त्या टेबलाशी पहिलं निमंत्रण बागायतदाराला जावं. त्याच्या हातात पेला द्यावा, त्याने लिहिलेलं आधी वाचावं, आणि पुढच्या फेरीत सगळ्यांनी त्याचं म्हणणं वाइनमध्ये शोधावं. एकाच संध्याकाळी त्याला आपल्या द्राक्षाचं पुढे काय होऊ शकतं हे कळेल, आणि पुण्याच्या हौशी माणसाला आपल्या पेल्यात कुणाचं वर्ष आहे हे कळेल. पोर्टला सोबत लागते असं सुरुवातीला म्हटलं, त्या सोबतीत पिकवणारा नसेल तर ती अपुरीच. सांगलीच्या द्राक्षाला तोलणारे आणि भाव करणारे आजवर पुष्कळ मिळाले. त्याची चव एकत्र बसून ठरवणारे आता त्याच्याच मुलखात तयार व्हायला हवेत.